स्पोर्ट्स ब्रा घेताना आधी खालचा पट्टा बघा: बेळगावच्या बाजारातली पारख

गणपत गल्लीत होजिअरीच्या दुकानात "स्पोर्ट्स ब्रा दाखवा" म्हटलं की बहुतेक वेळा पहिल्यांदा एकच माल समोर येतो. डोक्यातून ओढून घालायची, आत पातळ पॅड सरकवलेले, पाठीवर इंग्रजी वायच्या आकाराचे बंद, आणि मापाच्या जागी 'फ्री साईज'. दर साधारण २०० ते ३५० रुपये. "अक्का, ताणतंय बघा, कुणालाबी बसतंय," म्हणत दुकानदार ती दोन्ही हातांनी ताणून दाखवतो. ताणते हे खरंच आहे. अडचण तिथंच आहे, कारण दोन बोटांनी सहज ताणलं जाणारं कापड धावताना छातीच्या वजनानंही ताणलं जातं.

वॅक्सिन डेपोच्या मैदानावर सकाळी चालायला येणाऱ्या काकूंपासून झुंबाच्या बॅचपर्यंत आणि खानापूर-निपाणीकडं पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुलींपर्यंत या वस्तूचं गिऱ्हाईक वाढलंय. माल मात्र अजून दोन-चार छापांचाच. त्यातला कुठला छाप कुणाच्या कामाचा, हातात घेतल्यावर काय तपासायचं आणि पैसे कुठं वाया जातात, ते बघू.

आधार येतो कुठून

स्तनात स्वतःला उचलून धरणारा स्नायू नसतो. चरबी, दुधाच्या ग्रंथी, आणि त्यांना सावरणारी वरची त्वचा व आतले 'कूपर लिगामेंट' नावाचे तंतू, एवढंच. छातीचे स्नायू असतात ते त्याच्या मागं. म्हणून जोर मारून ते कितीही कमावले तरी हलणं थांबत नाही. धावताना छाती नुसती वर-खाली होत नाही. डावी-उजवीकडे आणि पुढं-मागंही जाते. इंग्लंडमधल्या पोर्ट्समथ विद्यापीठात या विषयावर काम करणारा संशोधन गट आहे. अशा मोजण्यांत हालचालीचा मार्ग साधारण इंग्रजी आठच्या आकड्यासारखा दिसतो. नुसती वरून दाबणारी ब्रा यातली पुढं-मागं होणारी हालचाल बऱ्यापैकी रोखते, पण जड छातीची वर-खाली आणि बाजूची हालचाल तिच्याच्यानं पुरती आवरत नाही.

साडीचा भार परकराच्या नाडीवर असतो, खांद्यावरच्या पदरावर नव्हे. इथंही तसंच आहे. आधाराचं मोठं काम छातीखालून पाठीकडं जाणारा पट्टा करतो. खांद्यावरचे बंद कप जागेवर राहावेत एवढ्यासाठी. पट्टा ढिला असला की वजन बंदांवर येतं, बंद खांद्यात रुततात, लाल वळ उठतात, मान भरून येते. मग बाईला वाटतं बंदच आवळ झालेत, आणि ती ते सैल करते. कप आणखी खाली येतात, हेलकावे वाढतात. खांद्यावर वळ दिसले की बंदाला हात लावण्याआधी पट्टा तपासायचा.

उलटी चूकही तितकीच चालते: जितकी घट्ट तितकी चांगली. पट्टा बरगड्यांना इतका आवळला की धावताना पूर्ण श्वास भरता येत नाही, आणि दोष मात्र स्टॅमिन्यावर जातो. भरतीच्या मैदानावर एकीवर एक दोन ब्रा घालायची पद्धत आहे, तिचा तोटा हाच. बरगड्यांवर दोन पट्टे आवळतात आणि मधला घाम कुठंच जात नाही. नवी घेईपर्यंत अगदी नाइलाज असेल तर आत कप असलेली नेहमीची नीट मापाची ब्रा आणि वरून ओढायची एक माप मोठी, असं तात्पुरतं चालवता येतं.

माप: दुकानात विचारतात ते, आणि लागतं ते

"साईज एष्टु?" असं विचारलं की आपण ३४ किंवा ३६ असा एकच आकडा सांगतो. दुकानात टेप काढलीच तर ती ब्लाउजच्या मापासारखी वरून फिरते. वरचं माप ३५ आलं की ३६ ची ब्रा हातात पडते. बरगड्यांचं माप किती, हे कुणी विचारतच नाही.

घरी दोन मापं घ्यायची. शिवणाची टेप, आरसा, आणि पॅड नसलेली साधी ब्रा. पहिलं माप छातीच्या लगेच खाली, बरगड्यांवर. टेप जमिनीला समांतर, श्वास पूर्ण सोडलेला, टेप कातडीला नीट टेकलेली. दुसरं माप छातीच्या सगळ्यात भरलेल्या भागावरून, टेप न आवळता. छाती जड असेल तर कमरेतून थोडं पुढं वाकून घेतलेलं माप जास्त खरं येतं. दोन्हींतला फरक इंचांत काढायचा: एक इंच म्हणजे ए कप, दोन म्हणजे बी, तीन सी, चार डी. खालचं माप ३१ आणि वरचं ३५ असेल तर फरक चार, म्हणजे कप डी. अनेक बायकांना 'डी' ऐकून धक्का बसतो, कारण आयुष्यभर त्या ३६ बी घालत आलेल्या असतात. डी म्हणजे खूप मोठं, असं काही नाही. तो नुसता फरकाचा आकडा आहे.

आता घोळ असा की पट्ट्याचा आकडा सगळ्या कंपन्यांचा एकसारखा नसतो. ३१ इंचांना एका तक्त्यात ३२ म्हणतात, दुसऱ्यात ३४, तिसऱ्यात ३६. जॉकी, एनामोर, झिवामे, क्लोव्हिया, डेकॅथलॉन, कुणाचीही घ्या, पाकिटावरच्या किंवा वेबसाइटवरच्या तक्त्यात आपले इंच शोधायचे आणि मगच आकडा धरायचा. तक्ता सेंटिमीटरमध्ये असेल तर इंचाला २.५४ नं गुणायचं. ३१ इंच म्हणजे साधारण ७९ सेंटिमीटर.

एस, एम, एल वाल्या मालात कपाचा हिशेबच नसतो. ३० इंचांच्या बरगड्यांची ए कपची मुलगी आणि तेवढ्याच बरगड्यांची डी कपची बाई, दोघींना 'एम' दिला जातो. पहिलीला ती बरी होते. दुसरीची छाती गळ्यातून वर आणि काखेतून बाहेर येते, मग ती 'एल' घेते, आणि 'एल'चा पट्टा पाठीवर चढतो. सी किंवा त्यापुढचा कप असेल आणि धावायचं असेल, तर आकडा व अक्षर दोन्ही असलेलीच ब्रा बघा. इथं आमचं मत ठाम आहे.

नेमकं माप शिल्लक नसेल तर शेजारचं चालतं: पट्टा एक पायरी वर तर कप एक अक्षर खाली. ३२ डी, ३४ सी आणि ३६ बी यांच्या कपात जागा जवळपास सारखी असते. तरी व्यायामासाठी निवड करायची वेळ आली तर लहान पट्ट्याकडची घ्या. हूकवाल्या ब्रेला पट्टा लांब करायचा जोडतुकडा, म्हणजे एक्स्टेन्डर, मिळतो. ढिला पट्टा मात्र एखाद-दोन हूक आत घेऊन फार दिवस चालत नाही.

हातात घेऊन तपासायच्या गोष्टी

शहापूर-वडगावात मागाचं कापड बोटांत धरून ओळखणारी माणसं आहेत, पण हे कापड मागावरचं नव्हे, होजिअरीच्या विणीचं. त्याची परीक्षा ताणून आणि सोडून होते.

पट्टा दोन्ही हातांत धरून दीडपट ताणा आणि सोडा. तो लगेच मूळ लांबीला आला पाहिजे. कडेला लाटा राहिल्या तर इलॅस्टिक हलकं आहे. ताणताना कानाजवळ धरा. बारीक 'कट्-कट्' आवाज आला तर दोरा तुटतोय. असं होतं कारण पट्टा सरळ टाक्यानं शिवलेला असतो. इलॅस्टिक ताणलं जातं, सरळ टाका ताणत नाही. शिवण नागमोडी किंवा उलट्या बाजूला दोऱ्यांची जाळी दिसणारी हवी. स्वस्त मालात पहिल्या महिन्यात काखेखाली उसवतं ते बहुधा यामुळंच.

मग बंद. ते उभ्या दिशेनं ओढून बघा. पट्टा ताणला पाहिजे, बंद फार ताणता कामा नये. रबरासारखे लांब होणारे बंद प्रत्येक पावलाला छातीबरोबर खाली जातात आणि वर येतात. रुंदी निदान पाऊण इंच, जड छातीला एक इंच किंवा जास्त. आत मऊ अस्तर असेल तर उत्तम.

पट्ट्याची रुंदी चालण्या-योगाला पाऊण इंच चालते. धावायला एक ते दीड इंच. अर्ध्या इंचाचा पट्टा पहिल्याच वाकण्यात गुंडाळी होऊन दोरीसारखा काचतो.

आतली बाजू उलटी करून हात फिरवा. शिवणी सपाट हव्यात, उभ्या राहिलेल्या नकोत. लेबल शिवलेलं असेल तर ते कुठं येतं ते बघा; बरगडीवर आलेलं नायलॉनचं लेबल अर्ध्या तासात कातडी सोलवटतं. हूक असतील तर मागं कापडाची जीभ असली पाहिजे, नाहीतर सिट-अप्स मारताना हूक मणक्यावर घासतात.

कापड लेबलवर वाचायचं. नायलॉन किंवा पॉलिस्टर आणि सोबत साधारण १५ ते २५ टक्के स्पँडेक्स, ज्याला दुकानात लायक्रा म्हणतात. स्पँडेक्स पाच-सात टक्केच असेल तर धरून ठेवण्याची ताकद कमी. "कॉटन हाय, घाम शोषतंय" हे दुकानदाराचं आवडतं वाक्य. शोषतं हे बरोबर, पण शोषलेला घाम सोडत नाही. ओलं सुती कापड जड होतं, कातडीला चिकटून घासतं. दिवसभर घरात घालायला सुती छान. अर्ध्या तासापेक्षा जास्त पळायला नको.

पॅडबद्दल थोडक्यात: पॅड आधार देत नाहीत. ते आकार देतात आणि टी-शर्टमधून काही दिसू नये याची सोय करतात. काढता येणारे पॅड धुताना आत दुमडतात, एक पालथा होतो, आणि मैदानावर ते लक्षात येतं. धुण्याआधी काढून ठेवा. शिवून बसवलेले पातळ कप असतील तर ही कटकट नाही, पण ते वाळायला वेळ घेतात.

प्रकार, आणि आमचा निकाल

ओढून घालायची फ्री साईज. ए-बी कप, योगासनं, चालणं, घरकाम यांना पुरेशी. दोरीउड्या मारायला नको. सहा महिन्यांत सैल पडते असं धरूनच घ्यावी. अंगात घातल्यावर ती काखेत टोचत असेल तर वापरून नीट होईल या भरवशावर राहू नका. काखेचा काप खोल नसला की ती शेवटपर्यंत टोचतच राहते.

चांगल्या कंपनीची दाबून धरणारी, एस-एम-एल मापाची. ६०० ते १००० रुपयांत मिळते. मुळात स्पोर्ट्स ब्रा अशीच जन्माला आली: १९७७ साली अमेरिकेत व्हरमाँटमध्ये लिसा लिंडाल, पॉली स्मिथ आणि हिंडा मिलर यांनी पुरुष खेळाडूंचे दोन जॉकस्ट्रॅप (लंगोटासारखे आधारपट्टे) जोडून पहिली 'जॉगब्रा' शिवली, आणि तिचं काम छातीला शरीराशी दाबून धरणं हेच होतं. ए-बी कपाला ही बहुतेक सगळ्या व्यायामांना चालते. सायकल, जिममधली वजनं, जलद चालणं यांना सी कपापर्यंतही. त्यापुढं मात्र दोन्ही स्तन एकमेकांवर दाबले जाऊन मधल्या भागात घाम साचतो आणि पुरळ उठतं. पैशाला पैसा वसूल असा हा प्रकार आहे, पण घालण्या-काढण्याचा त्रास धरून. घामेजलेल्या अंगातून ती डोक्यावरून ओढताना खांदा अवघडतो. ज्यांचा खांदा आधीच धरलेला आहे त्यांनी तिच्या वाटेला जाऊ नये.

समोर झिपवाली. दिसायला झकास, काढायला सोपी, खांद्याचा त्रास असलेल्यांना आणि बाळंतिणींना बरी. हिच्यात तीन गोष्टी बघायच्या: झिपच्या मागं कापडाची पट्टी, वर झिपचं टोक झाकणारा छोटा खिसा, आणि आत एक-दोन हूक. हूक नसले तर उड्या मारताना झिप वरून हळूहळू उतरते. कबड्डी, खो-खो आणि कुस्तीला ही अजिबात नको. पकडीत झिप आपल्याला आणि समोरचीला, दोघींनाही लागते. या खेळांना धातूचं काही नसलेली, पाठीवर रुंद कापड असलेली ओढायचीच घ्यावी.

वेगवेगळे कप, मागं हूक, बंद कमी-जास्त करता येणारे. १२०० ते २५०० रुपये, कधी जास्तही. बेळगावात मोठ्या दुकानांत थोडी मिळते, निपाणी-चिकोडीकडं मिळाली तर नशीब. बहुतेकींना ऑनलाइन मागवावी लागते. सी, डी आणि त्यापुढच्या कपाला, धावायला, झुंबाला, बॅडमिंटनला, दोरीउड्यांना हीच. प्रत्येक स्तन आपापल्या कपात बसतो, वरून थोडा दाबही असतो, आणि हूकमुळं पट्टा नेमका आपल्या बरगड्यांना बसवता येतो. नवी असताना सगळ्यात बाहेरच्या हूकवर नीट बसली पाहिजे. इलॅस्टिक वापरानं सैल होत जातं तसं आतल्या हूकवर यायचं. दुकानातच सगळ्यात आतला हूक लावावा लागत असेल तर ती ब्रा मोठी आहे, परत ठेवा.

१८०० रुपये एका ब्रेला, हे घरात सांगणं सोपं नाही, याची कल्पना आहे. पण २५० ची चार घेऊन चारही महिन्या-दोन महिन्यांत घर पुसायच्या फडक्यात गेली तर हजार रुपये गेलेच.

पाकिटावर लो, मीडियम, हाय इम्पॅक्ट, म्हणजे कमी, मध्यम, जास्त हादऱ्याच्या व्यायामासाठी, असं लिहिलेलं असतं. ते प्रत्येक कंपनी आपापल्या हिशेबानं लिहिते, त्यामुळं एकीचं 'हाय' दुसरीच्या 'मीडियम'पेक्षा कमी निघू शकतं. शब्दापेक्षा वर सांगितलेली तपासणी खरी.

पाठीच्या आकाराचंही बघा. वायच्या आकाराचे बंद खांद्यावरून घसरत नाहीत, उतरत्या खांद्याच्या बायकांना सोयीचे. पण ते मानेजवळून जातात, आणि ज्यांची मान आधीच दुखते त्यांना तासाभरात जाणवतं. सरळ उतरणारे बंद मानेला हलके, लांबी बदलायला सोपे, पण अरुंद खांद्यावरून घसरतात. दोन्हींतला मार्ग म्हणजे सरळ बंद मागं एका हूकनं जवळ आणता येणारी ब्रा. मिळाली तर सोडू नका.

घालून बघणं

छोट्या दुकानात ट्रायल रूम नसते आणि "अंतर्वस्त्रं बदलून मिळणार नाहीत" ही पाटी मात्र असते. म्हणून पैसे देण्याआधी विचारायचं: माप चुकलं तर टॅग न काढता बदलून द्याल का? नेहमीचं गिऱ्हाईक असेल तर बरेच दुकानदार देतात. बाई विक्रेती असलेलं दुकान असेल तर बोलणं मोकळेपणी होतं आणि मापही नीट घेतलं जातं. ऑनलाइनला परतीची अट वस्तूगणिक वेगळी असते, मागवण्याआधी वाचायची.

घरी टॅग न काढता, अंघोळ करून, पावडर-तेल न लावता घालून बघा. पुढं वाकून दोन्ही स्तन हातानं कपात नीट बसवा. काखेकडचा भागही आत घ्या. मग आरशासमोर बाजूनं उभं राहा. पट्टा पुढं-मागं एका रेषेत हवा. पाठीवर वर चढला असेल तर ढिला. पट्ट्याखाली दोन बोटं सपाट सरकली पाहिजेत. आख्खी मूठ गेली तर मोठा, एकही बोट जात नसेल तर लहान. कपाच्या वर मांस फुगून दोन भाग दिसले तर कप लहान. कापडाला चुण्या पडल्या तर कप मोठा. दोन्ही हात डोक्यावर दहा वेळा न्या; पट्टा जागचा हलता कामा नये. पोटभर श्वास घ्या. मग जागेवर उड्या मारा आणि अर्धा मिनिट धावा. छाती शरीराबरोबर हलायला हवी, मागून वेगळी नव्हे. सूर्यनमस्कार घालणाऱ्यांनी पर्वतासनात जाऊन बघावं: गळा मोठा असला तर तिथं सगळं हनुवटीकडं येतं. एवढं झाल्यावर तशीच घालून अर्धा तास घरकाम करा. जिथं काचणार असेल तिथं या अर्ध्या तासात कळतंच.

आणखी एक, जे कुठल्या तक्त्यात नसतं. मंगळसूत्र. लांब पोत धावताना उडते, वाटी कपाच्या कडेवर आपटत राहते, बारीक जाळीच्या कापडात काळे मणी अडकून धागे निघतात. काढायचं नसेल तर आखूड पोत घाला, किंवा उंच गळ्याची ब्रा घेऊन ते आत ठेवा.

वय, पाळी, बाळंतपण

बारा ते सोळाच्या मुलींची मापं भराभर बदलतात. दर सहा महिन्यांनी माप घ्या आणि 'पुढं वापरता येईल' म्हणून मोठी घेऊ नका. खेळ सोडणाऱ्या मुलींमागं कितीदा तरी नीट बसणारी ब्रा नसणं हेच कारण असतं, पण त्या ते बोलत नाहीत. शाळेत खो-खो खेळणाऱ्या मुलीला आईनं नेहमीच्या कपड्यांबरोबर ही वस्तू न मागता आणून दिली तर अर्धा प्रश्न सुटतो.

पाळीच्या आधीच्या आठवड्यात छाती थोडी भरते आणि हुळहुळी होते. त्या दिवसांत हूक एक घर बाहेर घ्यायचा; ओढायची ब्रा वापरणाऱ्यांना ही सोय नाही. अंगावर पाजणाऱ्यांनी व्यायामाच्या आधी पाजून घ्यावं आणि झाल्या झाल्या घट्ट ब्रा काढावी. तासन् तास दाब राहिला तर दुधाची गाठ धरते. घट्ट ब्रानं कॅन्सर होतो, ही भीती मात्र मनातून काढून टाका. त्याला आधार नाही. गाठ हाताला लागली, कातडीला खळी पडली किंवा पाजत नसतानाही स्तनाग्रातून स्राव आला तर कारण ब्रेत न शोधता डॉक्टर गाठायचे.

२०१९ साली लष्कराच्या महिला मिलिटरी पोलीस भरतीचा मेळावा बेळगावात झाला होता. अशा भरतीत १.६ किलोमीटर धावणं, लांब उडी, उंच उडी असते. तयारी करणाऱ्यांना एकच सांगणं: चाचणीच्या दिवशी नवी कोरी ब्रा घालू नका. दोन-तीन आठवडे सरावात घातलेली, कुठं घासते ते माहीत असलेली घाला. पट्ट्याच्या कडेवर घासत असेल तर तिथं व्हॅसलिनचा पातळ हात फिरवा, आणि ब्रा त्याच दिवशी धुऊन टाका.

पावसाळा आणि धुणं

इथल्या ब्रेचा खरा शत्रू जून ते सप्टेंबर. खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडं दोन-दोन दिवस कपडे वाळत नाहीत. कारवार-हल्याळकडं दमट हवेत तीच गत. अर्धवट ओली ब्रा घालून व्यायाम केला की छातीखालच्या घडीत घाम आणि ओल कोंडते, कातडी लाल होते, खाज सुटते. गोल, कडेला उठलेले चट्टे दिसले तर ते बहुधा गजकर्ण. मेडिकलमधून स्टेरॉइड मिसळलेलं मलम आणून चोळलं की चार दिवस दबतं आणि मग दुप्पट पसरतं; त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा. पावसाळ्यात आठवड्यात चार-पाच दिवस व्यायाम असेल तर तीन ब्रा लागतात. दोन्ही बाजूंनी जाड स्पंज असलेली त्या दिवसांत नकोच. अथणी-रायबागकडच्या उन्हाळ्यात प्रश्न उलटा: वाळते तासाभरात, पण घामाचं मीठ कापडात राहून ते खरखरीत होतं. तिथं व्यायाम झाल्यावर लगेच साध्या पाण्यातून काढली तरी पुष्कळ.

वाळवायची घाई म्हणून बंबावर, चुलीच्या उबेला किंवा इस्त्रीखाली धरू नका. स्पँडेक्स उष्णतेनं मरतो, आणि एकदा मेला की ताणल्यावर मूळ लांबीला परत येत नाही. दगडावर आपटणं, ब्रश मारणं, पीळ देणं, ब्लीच घालणं, सगळं टाळायचं. थंड पाणी, साधी पावडर, दहा मिनिटं भिजत, हातानं दाबून धुणं. मशीनला लावायची तर हूक लावून, जाळीच्या पिशवीत. कपडे मऊ करायचं सुगंधी द्रव्य घालू नका. त्याचा थर धाग्यावर बसतो आणि घाम बाहेर टाकण्याचा कापडाचा गुण जातो. पिळण्याऐवजी कोरड्या टॉवेलात गुंडाळून दाबा, निम्मं पाणी तिथंच जातं. दोरीवर घालताना बंदांनी लटकवू नका, पाण्याच्या वजनानं ते लांबतात. मधोमध पट्ट्यावर टाका, पंख्याखाली. गोवावेसच्या पोहण्याच्या तलावात ही घालून उतरू नका, क्लोरीन लायक्राला खातं. पोहायला पोहण्याचाच कपडा.

नियमित वापरात चांगली ब्रा सहा महिने ते वर्षभर टिकते. कापड धडधाकट दिसतं म्हणून ती चांगली आहे असं नाही. आतल्या हूकवरही पट्टा पाठीवर चढायला लागला, किंवा उडी मारताना पूर्वीपेक्षा जास्त हलायला लागलं, की तिचे दिवस भरले.

कधी कधी कप आणि बंद उत्तम असतात आणि नुसता पट्टा गेलेला असतो. महागाची असेल तर झिगझॅग मशीन असलेल्या टेलरकडं नेऊन इलॅस्टिक बदलता येतं. मूळ रुंदीचंच घ्या, विणीचं मऊ इलॅस्टिक सांगा, आणि लांबी पट्ट्याच्या न ताणलेल्या मापापेक्षा दहा-पंधरा टक्के कमी ठेवायला सांगा. साध्या मशीनवर सरळ टीप मारून देतो म्हणाला तर तिथून ब्रा परत घेऊन या.